लढाई दूरची, साथ घरातली

25 मार्च 2020 रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, पंतप्रधानांनी वाराणसीच्या नागरिकांशी बोलताना महाभारताचा दाखला दिला. ते युद्ध 18 दिवसांत जिंकले गेले, कोरोनाविरुद्धचे हे युद्ध 21 दिवसांत जिंकायचे आहे, असा त्या बोलण्याचा रोख होता. पुढे दोन वर्षे हीच भाषा रूढ झाली. डॉक्टर आणि परिचारिका योद्धे झाले, विषाणू शत्रू झाला, आणि अमरावती-अकोल्याच्या पारावरच्या गप्पांतही लढाई शिरली. त्यातूनच एक प्रश्न निघाला आणि तो अजून विचारला जातो : आपण जे भोगले ते लढाईच्या काळातल्या हालांइतके होते का? प्रश्न वावगा नाही. पण उत्तर शोधताना डोळ्यांपुढे लंडनवरचे बाँबहल्ले आणि युरोपातले खंदक येतात, आणि त्यांच्या शेजारी अकोल्यातली टाळेबंदी ठेवली की ती किरकोळ वाटू लागते. हे मापच आपले नव्हे. वऱ्हाडाने दोन्ही महायुद्धे भोगली, पण अमरावतीवर एकही बाँब पडला नाही. लढाईचे हाल इथे कोणत्या वाटेने आले हे आधी पाहिले पाहिजे. तसे पाहिले, तर साथ लढाईपेक्षा हलकी ठरत नाही. उलट ती जास्त खोलवर घाव घालते आणि तरीही कमी मोजली जाते, असे माझे म्हणणे आहे.

वऱ्हाडात लढाई नेहमी कापसाच्या भावातून आली. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. 1853 पासून इंग्रजांच्या कारभारात आलेल्या या मुलखाच्या कापसाला तेव्हा न भूतो असा भाव आला. काळ्या जमिनीत ज्वारी मागे हटत गेली आणि पऱ्हाटी पसरत गेली. 1867 मध्ये नागपूरला पोचलेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून गेली. 1870 मध्ये खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. लिव्हरपूलच्या बाजारात इथला कापूस अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणून विकला जाई. हजारो कोसांवरच्या त्या लढाईने इथे एकाही माणसाचा जीव घेतला नाही, पण धान्य विकत घेऊन खाणारा प्रदेश घडवण्यात तिचा मोठा वाटा होता. भाव चढलेला असताना हे कोणाला जाणवले नाही. 1899-1900 च्या दुष्काळात जाणवले. 1891 मध्ये 28.97 लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या 1901 च्या शिरगणतीत 27.54 लाखांवर आली होती.

ऑगस्ट 1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा फटका उलट्या दिशेने बसला. जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम ही हिंदी कापसाची मोठी गिऱ्हाइके एकदम तुटली, जहाजे मिळेनाशी झाली, आणि नवा कापूस बाजारात यायच्या ऐन वेळी भाव कोसळले. पुढे मुंबईच्या आणि जपानच्या गिरण्यांची मागणी वाढली तसे ते सावरले, युद्धाच्या शेवटच्या वर्षांत तर चांगलेच चढले. पण त्याच वर्षांत कापड, मीठ आणि घासलेटही चढले. विलायती कापडाची आयात आटली होती, रेल्वेचे डबे लष्करी मालाला लागत होते. 1917 मध्ये हिंदुस्थान सरकारने युद्धखर्चासाठी ब्रिटनला 10 कोटी पौंड देऊ केले. त्याच वर्षाच्या अखेरीस चांदी इतकी अपुरी पडली की एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. इथे कोणी म्हणेल, लढाईने वऱ्हाडाला पैसाच दिला की! दिला, यात शंका नाही. जिनिंग-प्रेसिंगच्या मालकांना दिला, अडत्यांना आणि सावकारांना दिला, मोठ्या जमिनीच्या पाटलांनाही दिला. पण वऱ्हाडात दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्यांची संख्या मोठी होती. कापूस वेचून मजुरी मिळवायची आणि त्या मजुरीतून बाजारात ज्वारी घ्यायची, हा त्यांचा संसार. कापूस महाग झाल्याने त्यांच्या हाती काही पडले नाही, आणि ज्वारी महाग झाली तेव्हा ताटातली भाकर कमी झाली. लढाईची झळ वऱ्हाडातल्या गरिबाला बसली ती अशी, बाजाराच्या दिवशी आणि दुकानाच्या उंबऱ्यावर.

याच उपाशी, उघड्या अंगाच्या माणसांवर 1918 ची साथ आली. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरच्या पोलिसांत तापाचे रोगी दिसले होते. ती पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली आणि 6 ऑक्टोबर या एका दिवशी मुंबई शहरात 768 मृत्यू नोंदले गेले. लोकांनी तिला मानमोडी म्हटले. आगगाडीच्या वाटेने ती देशात आत शिरली, आणि कापसाच्या व्यापारासाठी रेल्वेने मुंबईशी घट्ट बांधलेला वऱ्हाड त्या वाटेवरच होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सर्वांत जास्त होरपळलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. त्या वर्षी पाऊसही देशभर सरासरीपेक्षा सुमारे चतुर्थांशाने कमी पडला होता. म्हणजे साथ टिपेला होती ते ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस आणि खरीप हातचे गेल्याचे कळून चुकण्याचे दिवस एकच होते. पऱ्हाटीची बोंडे फुटत होती आणि वेचायला माणसे नव्हती. गहू-हरभरा पेरायचा तर जमिनीत ओल नव्हती, असली तिथे तिफण धरणारा अंथरुणावर होता. आणि हा आजार वीस ते चाळीस या वयाच्या धडधाकट माणसांना जास्त उचलत होता. त्यातही बायका जास्त गेल्या. आजाऱ्याची सेवा त्यांच्याकडे होती आणि घरात सगळ्यांत शेवटी जेवायच्याही त्याच. औषध नव्हते, माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू ओळखायलाच 1933 साल उजाडायचे होते. पण औषध नसले तरी शुश्रूषा असते, पेज असते, कोरडे अंथरूण आणि पांघरूण असते. तेवढेही करवून घेणारे डॉक्टर मेसोपोटेमियात आणि इतर आघाड्यांवर होते, आणि पांघरुणाचे कापड पेठेतल्या दुकानात परवडण्यापलीकडे गेले होते.

इथे एक रास्त आक्षेप निघतो. 1918 मध्ये लढाई आणि साथ एकत्रच आल्या, मग कोणाच्या खात्यावर काय मांडायचे? 1921 च्या शिरगणतीच्या वेळी सरकारने हिंदुस्थानातले साथीचे बळी सव्वा कोटीच्या आसपास धरले होते. नंतरच्या अभ्यासकांनी कोणी सुमारे 1.4 कोटी, कोणी 1.7 ते 1.8 कोटी असा अंदाज दिला. त्याच महायुद्धात सर्व आघाड्यांवर मिळून मेलेले हिंदी सैनिक सुमारे 74 हजार. पण हे आकडे शेजारी ठेवून साथ मोठी आणि लढाई छोटी असा निकाल देणे मला घाईचे वाटते. साथीने जे मारले त्यातल्या कितीकांना मरणाच्या दारात लढाईने आधीच आणून उभे केले होते. मुंबई शहराच्या आरोग्य खात्याचे त्या वर्षीचे आकडे याला पुरावा आहेत : तिथे युरोपीयांत दर हजारी 8.3 मृत्यू झाले आणि सरकारी भाषेत ज्यांना खालच्या जातींचे हिंदू म्हटले त्यांच्यात 61.6. विषाणू तोच, शहर तेच. फरक होता अन्नाचा, जागेचा आणि शुश्रूषेचा, आणि त्या तीनही गोष्टी चार वर्षांच्या महागाईने गरिबांकडून काढून घेतल्या होत्या. साथ ही निसर्गाची करणी आणि लढाई ही माणसाची, असे जे म्हटले जाते ते म्हणूनच अर्धेच खरे आहे. रोग निसर्गातून येतो, कोणी किती मरायचे हे बऱ्याच अंशी माणसांची व्यवस्था ठरवते.

दुसऱ्या महायुद्धात वऱ्हाडाला साथीविना लढाई भोगावी लागली, म्हणून तुलनेला तो काळ जास्त सोयीचा. इथला कापूस आखूड धाग्याचा, आणि त्याचा मोठा गिऱ्हाईक जपान. जुलै 1941 मध्ये जपानशी व्यवहार गोठले, डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि ती बाजारपेठ एका फटक्यात गेली. सरकारने आखूड धाग्याचा कापूस कमी करून धान्य पेरा असा धोशा लावला. 1942 मध्ये ब्रह्मदेश पडला, तिकडचा तांदूळ बंद झाला, प्रांताप्रांतांनी धान्य बाहेर नेण्यावर बंद्या घातल्या. नियंत्रणे, परवाने, काळाबाजार हे शब्द रोजच्या बोलण्यात आले. जून 1943 मध्ये कापडावर नियंत्रण आले. ज्या मुलखाने जगाला कापूस पुरवला तिथल्या बाईला लुगड्यासाठी तिष्ठावे लागले. याच काळात इंग्रजी सत्तेविरुद्ध वऱ्हाड उठलाही. ऑगस्ट 1942 मध्ये अमरावती जिल्ह्यात यावली आणि बेनोड्याला गोळीबार झाले, माणसे पडली. यावलीचेच तुकडोजी महाराज त्या महिन्यात पकडले गेले, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी तुरुंगात गेले. हाल मोठे होते, पण बंगालमध्ये 1943 ला जे झाले, जिथे सुमारे तीस लाख माणसे मेली, तसे इथे झाले नाही. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की या सगळ्या वर्षांत माणसाला माणूस तोडला गेला नाही. आठवडी बाजार भरत होता. लग्ने आटोपशीर झाली, पण झाली. मयताला गाव येत होते. रेशनच्या रांगेत शेजारी शेजाऱ्याशी बोलत उभा राहत होता. लढाई घरातून वस्तू नेत होती, माणसांची ये-जा नेत नव्हती.

2020-21 मध्ये नेमके याच्या उलट झाले. एप्रिल 2020 च्या पहिल्या आठवड्यात अमरावती आणि अकोल्यात पहिले रोगी निघाले. सुरुवातीला घशातले नमुने तपासायला नागपूरला पाठवावे लागत. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात प्रयोगशाळा सुरू झाल्या तेव्हा ती अडचण सुटली. त्या उन्हाळ्यात मुंबईकडून निघालेले मजूर अकोला-अमरावतीच्या महामार्गाने छत्तीसगड-ओडिशाकडे पायी जाताना वऱ्हाडाने पाहिले. शेतकऱ्यांच्या घरात कापसाच्या गंज्या पडून होत्या. हमीभाव लांब धाग्याला 5550 रुपये असताना खरेदी केंद्रे बंद, आणि खासगी व्यापारी त्याहून बराच कमी भाव सांगत होते. केंद्रे पुन्हा उघडली तेव्हा नावनोंदणी, ग्रेडर, बारदाना यांच्या पायी जूनचा पाऊस तोंडावर येईपर्यंत गाड्या उभ्या राहिल्या. मग फेब्रुवारी 2021 आला. देश साथ संपली असे समजत असताना अमरावती, अकोला, यवतमाळचे आकडे चढू लागले. 22 फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली, अकोला, अकोट, मूर्तिजापूरही बंद झाले, आणि अमरावतीतली मुदत 8 मार्चपर्यंत वाढली. पुढे डेल्टा म्हणून जगाला माहीत झालेल्या प्रकाराचे सुरुवातीचे नमुने महाराष्ट्रातले आहेत आणि त्यांत विदर्भातलेही आहेत. दुसऱ्या लाटेचा इशारा वऱ्हाडाने देशाला महिनाभर आधी दिला होता. तो ऐकला गेला असता तर एप्रिलमध्ये प्राणवायूसाठी जी धावाधाव झाली ती एवढी झाली नसती, असे मला ठामपणे वाटते.

आता कोणी विचारील, या काळात भुकेने किती मेले? 1918 शी तुलना केली तर या बाबतीत 2020 फारच बरे गेले, हे मान्य केलेच पाहिजे. एप्रिल 2020 पासून शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळाले. राज्यात शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना झाली आणि एप्रिल 2021 पासून काही काळ फुकट. मेळघाटात रोजगार हमीची कामे निघाली. गोदामांत धान्य होते. आणि हे धान्य घरोघर पोचवणारी यंत्रणा मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत उभी राहिलेली आहे. रेशनचे दुकान ही लढाईची देणगी, आणि ती साथीत कामी आली. म्हणून 'टाळेबंदीत घरी बसून धान्य मिळाले, याला काय हाल म्हणायचे' असे म्हणणाऱ्यांचे अर्धे म्हणणे मी कबूल करतो. पण हाल पोटावरून मोजण्याची सवय आपल्याला लढाईच्या काळाने लावली आहे. साथीचे हाल दुसरीकडे होते. बाप जिल्हा रुग्णालयात आणि मुलगा फाटकाबाहेर. बाईचा नवरा गेला आणि तिला त्याचे तोंड दिसले नाही. तिरडीला खांदा देणारे चार जण भावकीतले नव्हते, अंगभर प्लॅस्टिक चढवलेले पालिकेचे कामगार होते. दहाव्याला कोणी आले नाही आणि सांत्वनाला येऊन बसणेही गुन्ह्यासारखे झाले. मेळघाटात ज्या गावांना मोबाइलचा टॉवर नाही तिथल्या मुलांची शाळा दीड वर्ष नुसती बंद राहिली. लढाईतल्या टंचाईला उत्तर म्हणून माणसे एकत्र येतात, साथीत एकत्र येणे हेच धोक्याचे होते. दुःख वाटून घेण्याचा जो मार्ग वऱ्हाडातल्या माणसाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक होता, तोच बंद झाला. रेशनमधून त्याची भरपाई होत नाही.

आणखी एक फरक आहे आणि तुलनेत मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लढाईतला मेलेला माणूस राज्याचा असतो. त्याचे नाव पलटणीच्या दफ्तरात असते, दगडावर कोरले जाते, विधवेला निवृत्तिवेतन मिळते. गोळीबारात पडलेल्यांची स्मारके यावलीत आणि बेनोड्यात आहेत, आणि असलीच पाहिजेत. मानमोडीत गेलेल्यांचे वऱ्हाडात काय आहे? संख्येने ते कितीतरी जास्त, पण साथीत मेलेला माणूस ज्याच्या त्याच्या घरचा राहतो, आणि ते घर उजाड झाले की त्याची आठवणही जाते. कोरोनातही हेच घडू लागले आहे. देशाचा अधिकृत आकडा सुमारे 5.3 लाखांचा आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 2020 आणि 2021 या दोन वर्षांसाठी 47 लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला आणि केंद्र सरकारने तो नाकारला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वारसांना 50 हजार रुपये द्यायचे ठरले, तेव्हा महाराष्ट्रात अधिकृत मृत्यूंपेक्षा कितीतरी जास्त अर्ज आले. राज्य सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये एकल झालेल्या बायकांसाठी 'मिशन वात्सल्य' सुरू केले, ते चांगलेच झाले. पण सैनिकाच्या विधवेला नवरा कशाने गेला हे सिद्ध करत फिरावे लागत नाही. तपासणी न होताच घरी मेलेल्या शेतमजुराच्या बायकोला ते सिद्ध करावे लागले. साथीला युद्ध म्हणायचे, पण साथीत गेलेल्याला युद्धात गेलेल्याचा मान द्यायचा नाही, ही विसंगती भाषेपुरती राहिली नाही. तिची किंमत त्या बाईने तहसिलीच्या खेपा घालून मोजली.

यावर म्हणता येईल की शतकापूर्वीचे मृत्यू आता कसे मोजायचे, आणि मोजून काय साधायचे? मोजता येतात. वऱ्हाडातल्या तहसील कार्यालयांत गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, ज्यांना आपण कोतवाल बुक म्हणतो, आजही आहेत. जातीच्या दाखल्यासाठी पूर्वजाचे नाव शोधायला लोक त्या रोज उघडतात, नकला काढतात. साथीच्या दिवसांत नोंदी करणारी माणसेही आजारी पडली, म्हणून नोंद पुरी नाही. पण जी आहे ती गावाचे नाव, महिना आणि मेलेल्याचे वय सांगते, आणि एखाद्या गावात कोण गेले, कोण राहिले याचे तितके जवळून दर्शन प्रांताच्या कोणत्याही अहवालात होणार नाही. काय साधेल, याचे उत्तर फेब्रुवारी 2021 मध्येच आहे. 1918 ची साथ कापसाच्या रेल्वेने आली, हंगामाच्या तोंडावर आली, राबणाऱ्या वयाला धरून गेली आणि बायकांना जास्त मारून गेली, हे वऱ्हाडाने तेव्हा पाहिले होते, पण नोंदवह्यांतून काढून ते कोणी मांडून ठेवले नसल्याने पुढच्या साथीचा इशारा ओळखायला उपयोगी पडले नाही. अमरावती आणि अकोल्यात महाविद्यालये आहेत, इतिहासाचे विभाग आहेत, गावोगाव लिहिणारे शिक्षक आहेत. त्यांनी आपापल्या तालुक्याची ऑक्टोबर-नोव्हेंबर 1918 ची पाने उतरवून घ्यावीत, आणि त्यांच्या शेजारी त्याच गावांची एप्रिल-मे 2021 ची ग्रामपंचायतीतली मृत्युनोंद ठेवावी. जुने कागद पिवळे पडून तुटू लागले आहेत आणि दुसऱ्या लाटेत घरातले माणूस गमावलेले लोक अजून सांगायला आहेत, तोवर हे काम सुरू झाले पाहिजे.